गोल्फच्या उंची बदलता येणाऱ्या प्लॅस्टिक टी: घ्याव्यात का, आणि कोणत्या?

खारघर_वीकेंडर:

नमस्कार मंडळी. ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, म्हणजे काठी) ४६० सीसीचा, लॉफ्ट (फेसचा मागे झुकाव) १०.५ अंश. सध्या ७० मिमीच्या साध्या लाकडी टी, म्हणजे बॉल ठेवायच्या खुंट्या, वापरतो. अडचण एकच: प्रत्येक होलला टी वेगळ्याच उंचीवर रोवली जाते. कमी राहिली की बॉल फेसच्या (क्लबच्या बॉलला लागणाऱ्या बाजूच्या) खालच्या भागावर बसतो आणि खुरटा जातो. जास्त झाली की सरळ आभाळात, वर क्राउनला (डोक्याच्या माथ्याला) ओरखडा पडतो तो निराळा. उन्हाळ्यात टी-बॉक्स (होलचा पहिला फटका मारायची जागा) इतका टणक असतो की टी अर्धी आत जायच्या आधीच मोडते.

ऑनलाइन उंची बदलता येणाऱ्या प्लॅस्टिक टी दिसतात. त्यात तीन जाती आहेत असं वाटतं. एकीत आटे आहेत आणि वरचा भाग फिरवून उंची बदलते. दुसरी अँटेनासारखी आतून बाहेर सरकते. तिसरीत दांड्याला खाचा आणि एक सरकती कॉलर, म्हणजे चकती आहे. यातली कुठली टिकते? उंची नेमकी किती ठेवायची? स्पर्धेत चालते का? आणि "या टीने १५ यार्ड वाढतात" असं पाकिटावर लिहिलेलं असतं त्यात काही तथ्य आहे का?

पुणेरी_बोगी:

शेवटच्या प्रश्नाचं आधी. नाही. बॉल फेसला चिकटून असतो तो जेमतेम अर्धा मिलिसेकंद, तेवढ्यात टीच्या वाटीचं घर्षण काय वाढवणार आणि काय कमी करणार. फरक पडतो तो बॉल फेसवर कुठे लागला यामुळे. फेसच्या मध्यापेक्षा थोडा वर लागला तर बॉल जरा उंच निघतो आणि स्पिन कमी होतो. खाली लागला तर खालून निघतो आणि स्पिन वाढतो. सात-आठ मिमीचा फरकसुद्धा उडणाऱ्या बॉलकडे बघून कळतो. म्हणून टीकडून मागायची गोष्ट एकच, दर वेळी तीच उंची. बाकी पाकिटावरचा मजकूर सोडून द्या.

आता जाती.

आट्यांची टी कागदावर सगळ्यात अचूक, मैदानावर सगळ्यात कटकटीची. आट्यात वाळू आणि ओली माती शिरते आणि दोन-तीन फेऱ्यांत ती अडकते. शिवाय टणक जमिनीत टी पिळून रोवायची सवय असते ना आपल्याला? त्या पिळण्यात खालचा खिळा फिरतच नाही, वरचा भाग फिरतो. म्हणजे रोवता रोवताच उंची बदलली. एका फेऱ्याला उंची किती बदलते ते घरी मोजून घ्या: पाच फेरे फिरवा, फरक व्हर्नियरने मोजा, पाचाने भागा. पाव फेऱ्याची अचूकता मिळते म्हणून हुरळू नका, जमिनीचा उंचसखलपणा त्याहून जास्त असतो.

सरकत्या टीमध्ये पकड असते ती आतल्या रबरी कड्याची किंवा नुसत्या घट्ट बसणीची. आपण बॉल तळहातात धरून टीवर दाबतो आणि बॉलसकट टी रोवतो. ही टी तशी रोवली की आत मिटते. ती रोवायची तर चिमटीत बाहेरची नळी धरून दाबायची आणि बॉल सर्वांत शेवटी ठेवायचा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत पडून राहिलेल्या टीची बसण सैल पडते. पकड गेली तर आतल्या दांड्याला नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप एक-दीड वेढा द्या. तेल किंवा ग्रीस लावू नका, माती चिकटते.

खाचांची टी या तिन्हींत कामाची. कॉलर खाचेत टक् करून बसते, आणि टी कॉलर जमिनीला टेकेपर्यंत दाबायची एवढंच लक्षात ठेवावं लागतं. दोन खाचांमधलं अंतर ५ मिमीच्या आसपास असेल तर पुरे. त्याहून मोठ्या पायऱ्या असतील तर तुमची उंची नेमकी मधे येते आणि दर वेळी मन खट्टू होतं. घेताना कॉलर अंगठ्याने जोरात ढकलून बघा. नुसत्या बोटाने खाच सोडत असेल तर टणक मुरमात ती नक्की सरकणार.

उंचीबद्दल. "अर्धा बॉल क्राउनच्या वर" हे सगळे सांगतात, पण ते मिमीत आणल्याशिवाय टी लावता येत नाही. ड्रायव्हर फरशीवर खेळताना टेकवता तसा टेकवा आणि फेसच्या मधोमध वरच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजा. समजा ५९ मिमी आली. बॉलचा व्यास नियमानुसार किमान ४२.६७ मिमी, म्हणजे त्रिज्या २१ मिमीच्या वर थोडी. ५९ मधून २१ वजा, ३८ मिमी. बॉलचा तळ जमिनीपासून इतका वर हवा. दीड इंच म्हणतात तो हाच.

इथे एक बारीक गोष्ट राहते. बॉल वाटीच्या कडेवर टेकतो, त्याचा तळ कडेच्या खाली असतो. वाटीचं तोंड १२ मिमीचं असेल तर तळ जवळपास १ मिमी खाली जातो. त्या रुंद, चार पाकळ्यांच्या टीचं तोंड २० मिमीचं असेल तर अडीच मिमी. म्हणजे एकाच ३८ मिमीसाठी पहिली टी कडेपर्यंत ३९ आणि दुसरी साडेचाळीस मिमी ठेवावी लागते. टी बदलली आणि बॉल अचानक खाली लागायला लागला, यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

ड्रायव्हरपेक्षा आखूड क्लबना कमी उंची: थ्री-वुडला १२-१३ मिमी, हायब्रिडला त्याहून कमी. आयर्नला (पातळ लोखंडी डोक्याच्या क्लबला) ५-६ मिमी पुष्कळ झाले.

लेस्टरकर:

वरच्या पोस्टमध्ये एक चौथी जात राहिली. इंग्लंडमध्ये तीच सगळ्यात जास्त दिसते: कॅसल टी. ही बदलती नाही, एकसंध ओतलेली असते. दांडा एका ठरावीक जागी रुंद होतो आणि तिथवरच जमिनीत जातो, त्यामुळे उंची आपोआप ठरते. वेगवेगळ्या उंचीच्या टी वेगवेगळ्या रंगांत मिळतात. फिरणारा भाग नाही, सरकणारा नाही, बिघडायला काही नाहीच.

खरं सांगायचं तर ज्याचा ड्रायव्हर एकच आहे आणि उंची एकदा ठरलेली आहे, त्याला बदलती टी लागतेच कशाला? बदलती टी उंची *शोधायला* घ्या. सापडली की त्या उंचीच्या कॅसल टीचं पाकीट घ्या. फक्त रंगावर जाऊ नका. एका कंपनीचा गुलाबी म्हणजे दुसरीचाही तेवढाच उंच, असं नसतं. पाकिटावरचा मिमीचा आकडा पाहा, आणि तो आकडा टीची एकूण लांबी आहे की जमिनीवर राहणारी उंची, तेही पाहा. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

टणक जमिनीबद्दल: इकडे डिसेंबर-जानेवारीत जमीन गोठते, तेव्हा टी रोवणं अशक्यच होतं. त्यासाठी खाली रबरी कडं किंवा बैठक असलेल्या टी मिळतात. जमिनीवर नुसत्या ठेवायच्या. काहींना हरवू नये म्हणून दोरी असते. तुमच्या उन्हाळ्यातल्या मुरमाला हाच उपाय चालावा. तोटा असा की टी रोवलेली नसल्याने फटका लागला की ती उडते, आणि जमीन उतरती असेल तर बॉल ठरत नाही.

कोर्सवाला:

मैदानाच्या बाजूने थोडं.

कॉलरवाल्या टीची उंची कॉलर कशावर टेकली यावर ठरते. टी-बॉक्सचं गवत दाट असेल आणि तुम्ही कॉलर मातीपर्यंत दाबली, तर क्लबचा सोल (तळ) मात्र गवतावरच तरंगतो. म्हणजे क्लबच्या हिशेबाने बॉल ४-५ मिमी खाली गेला. पावसाळ्यात हे हमखास होतं. वर ओल्या मातीत कॉलरच दोन-तीन मिमी रुतते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये एका खाचेने उंची वाढवा आणि कॉलर गवताच्या पातीला जेमतेम दाबली जाईल एवढीच रोवा. नोव्हेंबरनंतर परत मूळ खाच. रुंद कॉलर, साधारण २५ मिमीची, ओल्यात कमी रुतते. पण तीच रुंद कॉलर उंचसखल जागी कलंडते आणि टी तिरकी होते. आधी बुटाने जागा सपाट करून घ्या.

उन्हाळ्यात टी थेट मुरमात घुसवू नका. प्लॅस्टिक मोडत नाही पण वाकतं, आणि एकदा दांडा वाकला की वाटी एका बाजूला झुकते. खिशात जुना स्क्रू-ड्रायव्हर किंवा जाडसर खिळा ठेवा, आधी भोक पाडा, मग टी घाला. ४० मिमी खोल भोक पुरेसं आहे. भोक टीच्या दांड्यापेक्षा बारीक हवं, नाहीतर टी डुगडुगते. सकाळी पहिल्या बॅचला पाणी मारलेलं असतं तेव्हा हा त्रास कमी.

आता एक विनंती. प्लॅस्टिक टी टिकते म्हणूनच ती मैदानाला त्रासदायक. लाकडी टीचा तुकडा गवतात राहिला तर कुजतो आणि मोवरखाली (गवत कापायच्या यंत्राखाली) आला तर बहुधा चिरडला जातो. कडक प्लॅस्टिकचा किंवा दोन भागांच्या टीतला तुकडा सिलिंडर मोवरच्या फिरत्या पात्यात आणि बेडनाइफमध्ये, म्हणजे खालच्या स्थिर पात्यात, सापडला की धारेला खाच पडते, आणि मग पुढच्या प्रत्येक फेरीत गवतावर एक न कापलेली रेघ उमटते. फटका मारून झाल्यावर वरचा भाग आणि खालचा खिळा दोन्ही उचला. खिळा बहुतेक वेळा जमिनीतच राहतो आणि लोक फक्त उडालेला भाग शोधत बसतात. काही गोल्फ क्लब प्लॅस्टिक टीला मनाईही करतात, सूचनाफलक बघून घ्या किंवा स्टार्टरला (खेळाडूंना क्रमाने सोडणाऱ्याला) विचारा.

रंग: हिरवा नको हे सांगायला नको. पण कोकण-गोव्याच्या लाल मातीत नारिंगी आणि लालही दिसत नाहीत. तिथे पांढरा किंवा झगझगीत पिवळा घ्या.

खारघर_वीकेंडर:

बापरे, वाटीच्या तोंडाचा हिशेब डोक्यातच आला नव्हता. माझ्या ड्रायव्हरची कड ५८ मिमी भरली, म्हणजे तळ ३७ मिमी. खाचांच्या टीचं एक पाकीट मागवतो.

आता दोन शंका. उंची "शोधायची" म्हणजे नेमकं काय करायचं? रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मॅट आहे, तिथे टी रोवता येत नाही, रबरी टी असते. आणि प्लॅस्टिकचे रंगीत डाग फेसला लागतात ते कसे काढायचे?

पुणेरी_बोगी:

गवतावरून मारू देणारी रेंज मिळाली तर उत्तम. मॅटवर असाल तर त्यांच्याकडच्या दोन-तीन वेगवेगळ्या उंचीच्या रबरी टी मागा आणि मॅटच्या वर किती येतात ते पट्टीने मोजून घ्या. स्वतःची रबरी टी विकत घेऊन कटरने वरून कापतही आणता येते. थोडी थोडी कापा, कापलेली परत वाढत नाही.

पद्धत अशी. तीन उंच्या घ्या: तुमच्या ३७ च्या आजूबाजूला ३१, ३७ आणि ४३. प्रत्येकी दहा बॉल. पण दहा ३१ वर, मग दहा ३७ वर, असं करू नका. सुरुवातीचे बॉल थंड अंगाने आणि शेवटचे थकलेल्या हातांनी जातात, आणि दोष टीला लागतो. आलटून पालटून मारा: एक कमी, एक मधला, एक जास्त, पुन्हा पहिल्यापासून.

बॉल फेसवर कुठे लागला हे बघायला व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलच्या मागच्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढा ठिपका काढा आणि ती बाजू फेसकडे करून ठेवा. ठिपका फेसवर उमटतो. ओला असतानाच मारा, वाळला की नीट उमटत नाही. प्रत्येक फटक्यानंतर फेस पुसा, पण त्याआधी वहीत फेसचा चौकोन काढून त्यात खूण करा. परमनंट मार्कर वापरू नका.

दहा खुणा एकत्र पाहिल्या की दोन गोष्टी दिसतात. खुणांचा घोळका मध्याच्या वर आहे की खाली, आणि तो किती पसरलेला आहे. घोळका एका जागी पण खाली असेल तर टी वाढवा. घोळका वर-खाली २० मिमी पसरलेला असेल तर टीने काही होणार नाही, तो स्विंगचा प्रश्न आहे. ही दुसरी शक्यता कोणाला आवडत नाही, पण आधी तीच तपासा. खुणा फेसच्या टाचेच्या (दांड्याकडच्या) किंवा टोकाच्या बाजूला असतील तर तोही उंचीचा विषय नाही, बॉलपासून किती लांब उभे राहता ते बघा.

लाँच मॉनिटर (बॉलचा वेग, कोन, स्पिन मोजणारं यंत्र) असेल तर रेंजच्या बॉलवर अंतर वाचण्यात अर्थ नाही, लाँचचा कोन आणि स्पिन तिन्ही उंच्यांना एकमेकांशी ताडून बघा. क्लब बॉलपर्यंत वरून खाली येत असेल, म्हणजे टी उडून पुढे मातीही उकरली जात असेल, तर ४३ वर आभाळात जाणारे फटके वाढतील. त्यांनी ३१-३४ मध्येच राहावं आणि आधी बॉल पुढच्या पायाच्या टाचेच्या रेषेत आणावा. ज्यांचा क्लब खालून वर जाताना बॉलला लागतो त्यांना ४० च्या वरची उंची मानवते.

वाऱ्यासमोर टी खाली घ्यायची सवय अनेकांना असते. त्यात धोका असा की बॉल खाली लागून स्पिन वाढतो आणि वाऱ्यात तो उलट फुगतो. उंची तीच ठेवा, क्लब थोडा खाली धरा आणि सावकाश मारा.

डाग: फेसवर आणि सोलवर प्लॅस्टिक किंवा रंग घासून बसतो. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन पुसा, निघतो. क्राउनला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, वरचं क्लिअर कोट उतरेल. क्राउनवर पडलेला ओरखडा मात्र डाग नसतो, कोटच खरवडलेला असतो. तो पुसून जात नाही.

आयर्नची_आई:

मला या सगळ्यात एक सोपा मार्ग सांगायचा आहे. बांबूची ८३ मिमीची टी घ्या. वाटीच्या कडेपासून खाली मोजून ३८ मिमीवर परमनंट मार्करने गोल रेघ मारा (तुमचा तळ ३७, अधिक वाटीचा १). रेघ गवताला टेकली की थांबा. बांबू साध्या लाकडापेक्षा कमी मोडतो, मैदानात राहिला तर कुजतो, आणि किंमत काहीच नाही. रेघा छापलेल्या टी आयत्याही मिळतात, पण त्या रेघा तुमच्या ड्रायव्हरसाठी छापलेल्या नसतात.

पार-३ ला (आखूड होलला, जिथे टीवरून आयर्नने मारतात) तर प्लॅस्टिकची बदलती टी घेऊच नका. खालच्यात खालच्या खाचेवरसुद्धा बहुतेक टी १५ मिमीच्या वर राहतात, आणि आयर्न खाली येताना कॉलरवर आपटतं. मोडक्या लाकडी टीचे तुकडे खिशात जपून ठेवा, आयर्नला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही.

लहान मुलांसाठी मात्र मी कॉलरची टी घेईन. ज्युनिअर ड्रायव्हरचा फेस बुटका असतो, उंची पुन्हा मोजावी लागते, आणि मुलांना रेघ कुठे आली हे वाकून बघण्यापेक्षा टेकेपर्यंत दाबणं जमतं.

कोर्सवाला:

आयर्नची_आई, बांबूला माझं मत. फक्त एक: रेघ गवताच्या वरच्या टोकाला टेकवायची की मातीला, हे एकदा ठरवा आणि कायम तेच करा. नाहीतर कॉलरचीच गंमत इथेही.

नियमकिडा:

स्पर्धेचा प्रश्न राहून गेला आहे. आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या नियमांत टीची लांबी ४ इंचांपेक्षा, म्हणजे १०१.६ मिमीपेक्षा जास्त नको. बदलत्या टीचं मोजमाप पूर्ण वर काढलेल्या अवस्थेत करा, खिळ्याच्या टोकापासून वाटीच्या कडेपर्यंत. काही आट्यांच्या टी मिटलेल्या अवस्थेत ८५ असतात आणि उघडल्यावर ११० च्या पुढे जातात. "मी तेवढी उघडत नाही" यावर वाद घालत बसण्यापेक्षा ती बॅगेतून काढलेली बरी.

दुसरी अट: टीने खेळाची दिशा दाखवता कामा नये आणि बॉलच्या हालचालीवर अवाजवी परिणाम करता कामा नये. कॉलरवर बाण किंवा नेम धरायची लांब पट्टी असेल तर ती सरावापुरती. दोरीच्या टीची दोरी लक्ष्याच्या रेषेत ताणून ठेवू नका, गोळा करून बाजूला टाका.

नियमबाह्य टीवरून फटका मारला तर पहिल्या वेळी सर्वसाधारण दंड, म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात त्या खेळात) २ फटके आणि मॅच प्लेमध्ये (होलमागे हार-जीत ठरते त्या खेळात) तो होल गेला. दुसऱ्यांदा तेच केलं तर बाद. हे सगळं नियम ६.२ब मध्ये आहे. त्याच नियमाने टी-एरियात जमीन बुटाने दाबायची आणि वाळू झटकायची मुभा आहे, त्यामुळे कोर्सवाला यांनी सांगितलेलं सपाटीकरण बिनधास्त करा.

खारघर_वीकेंडर:

धन्यवाद. एक शेवटचं: फटका हुकला, बॉल टीवरच राहिला. तर खाच बदलून उंची कमी-जास्त करता येते का? की बॉल खेळात आला म्हणून हात लावायचा नाही?

नियमकिडा:

करता येते. हुकलेला फटका मोजला जातो आणि बॉल खेळात आलेला असतो, पण तो टी-एरियातच असेल तर दंडाशिवाय उचलता येतो, टी बदलता येते, दुसऱ्या जागीही लावता येतो. २०१९ च्या नियमांपासून हे असं आहे. टी-एरिया म्हणजे जमिनीवरच्या दोन मार्करच्या (खुणेच्या ठोकळ्यांच्या) पुढच्या रेषेपासून मागे दोन क्लब-लांबी, तेवढ्यातच राहा. आणि फटका मारण्याआधीच बॉल टीवरून आपोआप पडला किंवा तुमच्या क्लबचा धक्का लागून पडला, तर फटका धरत नाहीत. परत ठेवा आणि मारा.